शेगडीतली मोहरी

रिम्मा साव्हेल्येव्हनाच्या गाडीत मी मोहरीची पूड घातली. चमचाभर नाही, डबाभर.

एवढंच एक वाक्य मी त्या डिसेंबरात वेळेवर बोललो असतो, तर पुढचं काही लिहायची पाळी आली नसती. पण मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो. शिक्षकाला दुसऱ्याच्या चुका तांबड्या शाईनं दाखवायची इतकी सवय झालेली असते की स्वतःची चूक दाखवायची वेळ आली की शाईच सापडत नाही.

झालं ते असं. रिम्मा साव्हेल्येव्हना तापानं आडवी झाली होती. मी त्याच जिन्यातला, एक मजला खालचा. तिनं दार बोटभर उघडून किल्ल्या माझ्या हातात टाकल्या आणि शालीच्या आतून म्हणाली, "एक दिवसाआड पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेव. बाकी कशाला हात लावू नकोस."

"बाकी कशाला म्हणजे?"

"बाकी कशालाच."

आमच्या गावात माणूस झोपतो पाचमजली इमारतीतल्या दोन खोल्यांत, पण त्याचं घर म्हणजे गॅरेज. पोलादाच्या कारखान्यामागे, ओढ्याच्या काठाला विटांच्या गॅरेजांच्या आठ रांगा आहेत. प्रत्येक गॅरेजाखाली एक तळघर. तळघरात बटाटे, काकड्यांच्या बरण्या, आणि वर 'तासाभरात येतो' असं बायकोला सांगून सकाळी आलेला एक माणूस. सातव्या रांगेत मात्र एका गॅरेजात बाई होती. ती रिम्मा साव्हेल्येव्हना.

नवरा गेला, एमेल्यान, त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. तो गेल्यावर दुखवट्याचे चाळीस दिवस होताच आमच्या गॅरेज-सोसायटीचा अध्यक्ष लुक्यानिच तिच्याकडे गेला आणि म्हणाला, "बाई, गॅरेज विकायचं असेल तर गिऱ्हाईक आहे." तिनं त्याला चहा दिला, रानचेरीचा मुरंबा दिला, उत्तर काही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एमेल्यानचा कामाचा निळा डगला घालून गॅरेजात आली. बाह्या चार बोटं दुमडलेल्या. खांद्यापाशी डगला ढगळ, कंबरेपाशी घट्ट. तिनं गाडीचं तेल बदललं, हात पुसले, कुलूप लावलं आणि गेली. गिऱ्हाइकाचा विषय परत निघाला नाही.

बोलण्याच्या बाबतीत ती अशी का, हे कळायला तिचं काम माहीत असावं लागतं. एकोणतीस वर्षं ती कारखान्यात क्रेन चालवायची. छपराला टेकलेल्या काचेच्या खोलीत एकटी. खाली लाल तापलेलं लोखंड, वर ही. तिथं बोलायला कोणी नाही, आणि खालच्यांशी बोलायचं तर हाताच्या खुणा. मात्र वरून तिला सगळं दिसायचं. कोण पाळीवर झोपला, कोणाच्या खिशात बाटली, कोण कोणाच्या हत्यारपेटीतून काय उचलतोय. तिनं कधी कोणाचं नाव साहेबाला सांगितलं नाही. फक्त पाळी संपायच्या आधी क्रेनचा आकडा अलगद खाली यायचा आणि त्या झोपलेल्याच्या नाकासमोर थांबायचा. आकड्याला त्याचीच टोपी लटकवलेली असायची. ती टोपी वर कशी गेली हे कोणाला कळायचं नाही, पण तो माणूस परत झोपायचा नाही.

हे मला एमेल्याननं सांगितलं होतं. तेव्हा मी खूप हसलो होतो.

तर दुसऱ्या खेपेला मी इंजिन चालू केलं आणि शेजारच्या सीटपुढच्या चटईवर मला दोन थेंब दिसले. गाडीतल्या हीटरला आमच्याकडे शेगडीच म्हणतात. शेगडीला आतून एक छोटा रेडिएटर असतो, त्यातून इंजिनाचं गरम पाणी फिरतं आणि पंखा त्यावरून वारा मारतो. तो रेडिएटर कुठंतरी पाझरत होता. दोन थेंब. शहाण्या माणसानं दोन थेंब पुसले असते आणि ती बरी झाल्यावर तिला सांगितलं असतं.

पण पाझरत्या रेडिएटरवर आमच्या आठही रांगांत एक औषध चालतं. मोहरीची पूड. गरम पाण्यात ती फुगते, भोकाशी जाऊन बसते आणि गळती थांबते. बापानं मुलाला सांगितलेलं, मुलानं मेव्हण्याला. या औषधाला विरोध करणारा सबंध सोसायटीत एकच माणूस होता, एमेल्यान. तो कारखान्यात रेडिएटर झाळायचं, डाख लावून भोकं बुजवायचं, काम करायचा. मोहरीचं नाव काढलं की त्याच्या कपाळाची शीर उठायची. गॅरेजाच्या दाराच्या आतल्या बाजूला त्यानं तांबड्या रंगानं लिहून ठेवलं होतं: 'रेडिएटर झाळावा. मोहरी काकडीला घालावी.'

त्या दाराकडे पाठ करून मी तळघरात उतरलो. काकड्यांच्या बरण्यांशेजारी मोहरीच्या पुडीचा पत्र्याचा डबा होता, झाकणावर कोंबडा काढलेला. शेजारचा फरीद सांगतो की दोन चमचे घालावेत. पण दोन चमचे हे किती लिटर पाण्याला, किती मोठ्या भोकाला, हे फरीद सांगत नाही. मी उभ्या उभ्या गणित मांडलं. गणित बरोबर आलं. त्यात एकच गोष्ट धरायची राहिली होती, की मोहरी भोक शोधत फिरत नाही, जिथं अरुंद वाट मिळेल तिथं बसते. डबा रिकामा झाला. गळती थांबली. मी डबा होता तिथं परत ठेवला, कोंबडा पुढे करून, आणि शिट्टी वाजवत घरी गेलो.

शिट्टी वाजवल्याचं अजून आठवतं. तेच जास्त लागतं.

शुक्रवारी ती उठली. दोन दिवस आधी तिच्या लेकीला, आल्बिनाला, मुलगा झाला होता. आमच्या गावातलं प्रसूतिगृह आदल्याच वर्षी बंद झालेलं, म्हणून बाळंतपण जिल्ह्याच्या गावी, एकशेवीस किलोमीटरवर. जावई उत्तरेला तेलविहिरीवर, महिनाभराच्या पाळीवर. सोमवारी दुपारी बाळ-बाळंतिणीला घरी सोडणार होते. बस होती, पण ती तिठ्यावर बदलावी लागते आणि तिथं पाऊण तास उघड्यावर उभं राहावं लागतं. बाहेर उणे एकतीस.

मी गॅरेजात पोचलो तेव्हा गाडीचं इंजिन चालू होतं आणि ती आत बसून शेगडीच्या झडपेपुढे तळहात धरून होती. इंजिन तापलं होतं. झडपेतून येत होता तो वारा बाहेरच्याहून थंड होता.

"शेगडी मेली," ती म्हणाली.

मी काय म्हणालो, सांगू? मी म्हणालो, "अरेरे."

"सोमवारी सकाळी आठला निघायचं. पाच दिवसांचं पोर. तोवर रेडिएटर बदलायचा." ती बोलत होती गाडीशी. मग मान वळवून मला म्हणाली, "तुला पाने ओळखता येतात का?"

"येतात."

"मग उद्या ये. गरम कपडे घाल."

आता सांगावं, आता सांगावं असं करत मी पुढे झालो, तर तिनं फळीवरून एक पुडकं उतरवलं. तेलकट कागद, वर सुतळी. आतून तांब्याचा कोरा रेडिएटर निघाला, लालभडक, तव्याएवढा. एमेल्याननं कधीकाळी कुणाचा तरी चहाचा समोवार झाळून दिला होता, त्याच्या बदल्यात मिळवलेला. 'वाईट दिवसासाठी' असं त्यानं कागदावर पेन्सिलीनं लिहिलं होतं. नऊ वर्षं तिनं ते पुडकं सोडलं नव्हतं. तिनं सुतळी सोडली, गुंडाळी करून खिशात ठेवली, आणि माझ्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं. बाईच्या नवऱ्याची शेवटची वस्तू उलगडली जात असताना 'ती माझ्यामुळे उलगडली जातेय' हे कुठल्या तोंडानं सांगायचं, हे पाठ्यपुस्तकात नाही.

शनिवारी सकाळी गॅरेजात लोखंडी पिंपाची चूल धडधडत होती. चुलीच्या बाजूनं अंग भाजायचं, दुसऱ्या बाजूनं गोठायचं. रिम्मा साव्हेल्येव्हनाची काम करायची पद्धत अशी. पेल्मेन्या, म्हणजे मटण भरलेल्या कणकेच्या छोट्या करंज्या, करायचा ॲल्युमिनियमचा साचा असतो, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, सदतीस भोकांचा. तो तिनं बाकावर पालथ्या वाटीवर ठेवला. गाडीतून निघेल तो प्रत्येक स्क्रू क्रमानं एकेका भोकात. पहिला निघालेला डावीकडून पहिला. परत बसवताना उलटीकडून सुरुवात. साच्याची एक ओळ भरली की थांबायचं, चहा प्यायचा आणि पुढचं उघडायचं.

"आणि चिमटे?" मी विचारलं. शेगडीची पेटी चार पोलादी चिमट्यांनी धरलेली असते, ते साच्यात मावत नाहीत.

"ते यात." तिनं एक डबा माझ्या हातात दिला. पत्र्याचा. झाकणावर कोंबडा.

मी तिच्याकडे पाहिलं. ती गाडीखाली शिरत होती, दिसत होते फक्त लोकरी नमद्याचे बूट. "धरून ठेव," बूट म्हणाले. "खाली ठेवू नकोस, हरवतील."

त्या दिवशी मी सहा तास मोहरीचा रिकामा डबा हातात धरून उभा होतो. तिला कळलंय, असं एकदा वाटे. मग वाटे, छे, रिकामा डबा दिसला, घेतला. बायका रिकामा डबा टाकत नाहीत. या दोन वाटण्यांच्या मध्ये माणूस किती बारीक होऊ शकतो, ते मला त्या सहा तासांत समजलं.

तिनं इंजिनाखालचा नट सोडला. परातीत पाणी आलं. कूलंट निळं असतं. हे आलं ते हिरवट, गढूळ, वर पिवळा तवंग. तिनं बोट बुडवलं, नाकाशी नेलं, बोट चिंधीला पुसलं. "दहाचा पाना," म्हणाली. मी आठचा दिला.

"हा आठचा."

"हो."

"तू शाळेत काय शिकवतोस?"

"पदार्थविज्ञान."

"बरं," ती म्हणाली. टोमणा होता की नुसती चौकशी, कळलं नाही.

मग ती पुढच्या सीटवर उताणी झोपली, डोकं पेडलपाशी, पाय पाठीच्या टेकूवर. त्रेसष्टावं वर्ष. बोटं कापलेले हातमोजे. आतला खण काढला, झडपेची तार सोडली, पेटीचे चिमटे एकेक करून काढले. प्रत्येक चिमटा डब्यात पडताना टण् असा आवाज येई आणि मी दचके. तिसरा चिमटा माझ्या हातून निसटला. तो सापडायला अर्धा तास गेला. मी गुडघ्यांवर रांगत फरशी चाचपत होतो आणि ती तशीच उताणी, वरचं छप्पर बघत पडून होती. रागावली नाही. शेवटी चिमटा माझ्या बुटाच्या घडीत सापडला.

"बघ," ती म्हणाली, "तुझ्यापाशीच होता."

जुना रेडिएटर बाहेर आला तो दुपारी. तिनं तो बाकावर उभा धरून दोनदा आपटला. नळीतून लापशीसारखं काहीतरी पडलं, तपकिरी-पिवळं, चिकट. आणि चुलीच्या उबेत वास सुटला. असा वास की डोळ्यांत पाणी यावं. माझ्या डोळ्यांत ते आधीच होतं.

नेमकं तेव्हाच फरीद दार ढकलून आत आला, मागोमाग लुक्यानिच, हात पाठीमागे बांधून, अध्यक्षाला शोभेल असा.

"रिम्मा-आपा, वास कसला सुटलाय?" फरीद म्हणाला. "जेवायला बोलावलं नाहीत आम्हाला."

लुक्यानिच बाकाशी वाकला. दोन वेळा हुंगला. मग सावकाश ताठ झाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की जणू पेन्शन वाढल्याची बातमी आलीय.

"मोहरी," तो म्हणाला. "एमेल्यानच्या गाडीत."

त्यानं बाकावरची लापशी बोटानं उचलून दाखवली.

"भर सभेत त्यानं माझी लाज काढली होती. सगळ्यांसमोर. 'लुक्यानिच, तू गाडी चालवत नाहीस, लोणचं घालतोस.' शब्द न् शब्द लक्षात आहे माझ्या. आणि घरात हे?"

"दारावर लिहून ठेवायचं एक," फरीद हसत म्हणाला, "आणि आत ओतायचं दुसरं. आमच्या मुल्लाचा भाऊ पण असाच होता."

दोघंही रिम्मा साव्हेल्येव्हनाकडे बघत होते. मी डब्याकडे बघत होतो. ती जुना रेडिएटर चिंधीनं पुसत राहिली.

"त्यानंच घातली असेल," ती म्हणाली. "घाईत असेल. माणूस होता."

"पण मग नऊ वर्षं शेगडी चालली कशी?" लुक्यानिच रेल्वेत तिकीट तपासनीस होता, फट दिसली की बोट घालायची सवय. "मोहरी तर दोन दिवसांत बसते."

"हळूहळू साठते."

"मास्तर, तुम्ही शिकलेले. तुम्ही सांगा, साठते का अशी नऊ वर्षं?"

इथं थांबतो क्षणभर. गप्प राहणं हे पाप असेल तर ते अर्धं पाप. माणूस म्हणू शकतो, सुचलं नाही, घसा बसला होता. पण मला सरळ प्रश्न विचारला होता, माझ्याच विषयातला, आणि मी घसा खाकरून उत्तर दिलं.

"साठू शकते," मी म्हणालो. "तापमानातल्या फरकामुळे."

"बघा," फरीद म्हणाला, "विज्ञान."

ते दोघं गेले. संध्याकाळपर्यंत आठही रांगांना बातमी पोचली असणार, कारण लुक्यानिच घरी न जाता पहिल्या रांगेकडे वळलेला मी पाहिला.

दार लागल्यावर तिनं मला दोन बादल्या दिल्या. "सगळ्या अंगात भिनलंय ते. धुवून काढायला हवं. पहारेकऱ्याच्या नळावरून आण."

अकरा बादल्या झाल्या. नळ तीनशे पावलांवर. वाटेत पाणी हिंदकळून विजारीवर पडे आणि पडता पडता गोठे. शेवटच्या खेपांना माझी विजार चालताना खडखडत होती. दिवसभरात माझ्या लायकीचं काम मला तेवढंच मिळालं. बारावी बादली आणायलाही मी तयार होतो, पण ती म्हणाली, "बस, स्वच्छ आलं," आणि मला वाईट वाटलं.

रविवारी सकाळी गॅरेजाच्या कडीला मोहरीची पुडी लटकत होती, लाल फितीनं बांधलेली. खाली खडूनं: 'एमेल्यानच्या शेगडीसाठी.' तिनं पुडी सोडली, फीत तिच्याभोवती परत नीट बांधली आणि खिशात टाकली. खडूची अक्षरं कोपरानं पुसली. मी म्हणालो, "रिम्मा साव्हेल्येव्हना, मला तुम्हाला एक—"

"ते बूट दे," ती म्हणाली.

फळीखाली नमद्याचे जुने बूट होते, एमेल्यानचे. एका बुटाची नळी तिनं उभी कापली, बोटाएवढ्या पट्ट्या काढल्या आणि तांब्याच्या रेडिएटरला चारी बाजूंनी बसवल्या, फटीतून वारा निसटू नये म्हणून. कात्री सरळ चालली. वाकडी गेली असती तर मी बोललो असतो, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो.

मग सगळं उलट्या क्रमानं. साच्याचं सदतिसावं भोक, छत्तिसावं, पस्तिसावं. चिमटे मी एकेक करून डब्यातून काढून दिले. चारही निघाले. साचा रिकामा झाला, एक स्क्रूसुद्धा उरला नाही. आमच्या रांगेत कोणाच्याही दुरुस्तीत दोन-तीन स्क्रू उरतातच, त्याला 'बचत' म्हणतात. नवं कूलंट भरलं, इंजिन चालू केलं. मी झडपेपुढे तळहात धरला.

"आलं का गरम?"

"नाही."

पाच मिनिटं गेली. "आता?"

"नाही."

नळीत हवा अडकली होती. तिनं दोन फळ्या लावून गाडीची पुढची चाकं वर चढवली, म्हणजे नाक आभाळाकडे झालं, आणि बॉनेटमध्ये वाकून दोन्ही हातांनी रबरी नळी पिळू लागली, म्हैस पिळावी तशी. पिळायची, थांबायची, ऐकायची. मी झडपेशी. वारा थंड. बाहेर अंधारून यायला लागलं होतं. उद्या सकाळी आठ. मला तो तिठ्यावरचा बसथांब्याचा खांब दिसत होता, त्याखाली ती, आल्बिना आणि दुपट्यात पाच दिवसांचं ते. देवाशी माझा फारसा संबंध नाही. तरी मी त्याला मनातल्या मनात म्हणालो, वारा गरम येऊ दे, मी सगळं सांगतो.

नळी गुडगुडली. हातावर प्रथम कोमट काहीतरी आलं, मग ऊन, मग असं गरम की हात मागे घ्यावा लागला.

"आलं," मी म्हणालो. मग बाहीनं डोळे पुसले.

"रडतोस काय," ती म्हणाली. "झडप बंद कर, उद्यासाठी ठेव."

देवाला दिलेला शब्द मी रविवारी पाळला नाही. म्हटलं, उद्या वाटेत. एकशेवीस किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. बाळ बाहेर आणायला कोणी पुरुषमाणूस असावं, फुलं धरायला, म्हणून तिनं मला बरोबर घेतलं होतं. फुलं म्हणजे तीन कार्नेशन, वर्तमानपत्राच्या चार पदरांत, माझ्या कोटाच्या आत.

"रिम्मा साव्हेल्येव्हना, मला एक सांगायचंय."

"पुढे ट्रक आहे. काच पूस."

दहा किलोमीटर गेल्यावर, "तुम्ही आजारी होतात ना, तेव्हा—"

"आता बरी आहे."

पुलानंतर मी तिसऱ्यांदा सुरुवात केली. तिनं शेगडी एक घर वाढवली आणि पंख्याच्या आवाजात माझं वाक्य वाहून गेलं. चौथ्यांदा मी सुरुवातच केली नाही. गाडीत इतकं उबदार होतं की मी टोपी काढली होती. स्वतःच बिघडवलेल्या आणि दुसऱ्यानं दुरुस्त केलेल्या उबेत बसणं हा एक वेगळाच प्रकार आहे. अंग सुखावतं आणि त्या सुखाचीच लाज वाटते.

प्रसूतिगृहाच्या दारात परिचारिकेनं निळ्या फितीनं बांधलेलं गाठोडं सरळ माझ्या हातात ठेवलं. "घ्या बाबा, अभिनंदन."

"बाबा नाही," रिम्मा साव्हेल्येव्हना म्हणाली. "मास्तर आहे."

"असेना का. हात आहेत ना?"

गाठोड्याच्या टोकाला मुठीएवढा लाल चेहरा होता. त्यानं एक डोळा उघडला, मला पाहिलं, आणि मिटला. माझ्याबद्दल इतकं अचूक मत त्या आठवड्यात दुसऱ्या कोणाचं झालं नव्हतं.

परतताना आल्बिना मागे बसली. वीस किलोमीटरवर तिनं कोट काढला, चाळीसवर बाळाच्या चेहऱ्यावरचं दुपटं सारलं. बाहेर झाडं पांढरी, रस्ता पांढरा. आत बाळाच्या कपाळावर घाम.

"आई, बाबांचा तांब्याचा बसवलास?"

"हो."

"मला तर हातसुद्धा लावू द्यायची नाहीस."

"वेळ आली."

"जुन्याला काय झालं?"

रिम्मा साव्हेल्येव्हना रस्त्याकडे बघत होती. "जुना झाला होता."

आल्बिना हसली. "याचं नाव एमेल्यान ठेवायचं ठरलंय. कालच फोनवर बोलणं झालं. शाळेत पोरं हसतील म्हणाला तुझा जावई, म्हटलं हसू देत. आजोबाचं नाव सांगितलं की गॅरेजांच्या आठ रांगांत टोप्या उतरतील." तिनं माझ्या खांद्याला हात लावला. "हो की नाही, गेन्नादीकाका?"

मी हो म्हणालो. 'साठू शकते' म्हणालो होतो त्याच आवाजात.

त्यांना घरी पोचवलं, गाठोडं पाचव्या मजल्यापर्यंत नेलं. मग गाडी ठेवायला आम्ही दोघं गॅरेजात आलो. चार वाजले होते, दिवस संपत आला होता. तिनं इंजिन बंद केलं, बॉनेटवर जुनी गोधडी पांघरली, कडा खोचल्या, जशा तिकडे घरी लेकीनं एव्हाना बाळाच्या खोचल्या असतील. दाराच्या आतल्या बाजूला तांबडी अक्षरं. फळीवर कोंबड्याचा डबा, कोंबडा पुढे करून ठेवलेला.

आणि मी बोललो. सगळं, एका दमात. थेंब, तळघर, गणित, शिट्टी. 'तापमानातल्या फरकामुळे' हेसुद्धा. तुम्ही दोष एमेल्यानवर घातलात तो मला वाचवायला, आणि मी वाचलो, हेही. एमेल्यान माझा मित्र होता. त्याच्या नावाची पुडी कडीला लटकली, आता ते नाव तिकडे घरी पाळण्यात निजलंय, आणि मी नुसता उभा राहिलो. डोळे वर करायची हिंमत नव्हती, म्हणून हे सगळं मी तिच्या नमद्याच्या बुटांना सांगितलं.

बूट हलले नाहीत. ती गोधडीचा शेवटचा कोपरा खोचत होती.

"उद्या मी सगळ्यांसमोर सांगतो," मी म्हणालो. "लुक्यानिचला, फरीदला, सगळ्या रांगांना. उद्या सकाळी पहिलं काम तेच."

तिनं खिशातून ती फीत बांधलेली पुडी काढून माझ्या हातात ठेवली.

"उद्या कशाला, फरीदच्या गॅरेजात आत्ता दिवा लागलाय."